बालश्रम-देखरेख, इलेक्ट्रॉनिकी उद्योगातील

संगणक, मोबाइल फोन, दूरचित्रवाणी संच, विद्युत् घटमाला इ. इलेक्ट्रॉनिकी वस्तूंच्या निर्मितीत, खाणीतील खनिजापासून तयार वस्तूपर्यंतच्या कोणत्याही टप्प्यावर बालकांचे श्रम वापरले जात आहेत काय, हे शोधून काढण्यासाठी व तसे आढळल्यास उपाययोजना करण्यासाठी, त्या वस्तू आपल्या नावाने विकणाऱ्या कंपन्यांनी उभारलेली व्यवस्था. ही व्यवस्था शासकीय कारखाना-निरीक्षणाहून वेगळी आहे. शासकीय निरीक्षकाचा अधिकार कायद्यातून येतो व तो राज्याच्या सीमेपुरता असतो. कंपनीचा अधिकार खरेदीच्या करारातून येतो व माल जेथून येतो तेथपर्यंत, निदान तत्त्वतः, पोहोचतो. प्रत्यक्षात हा अधिकार साखळीत जसजसे मागे जावे तसतसा क्षीण होत जातो आणि बालश्रमाचे प्रमाण मात्र बहुधा त्याच दिशेने वाढत जाते. या विसंगतीतूनच देखरेखीचे बहुतेक प्रश्न निर्माण होतात.

संकल्पना व वयोमर्यादा : बालकाने केलेले प्रत्येक काम हे बालश्रम ठरत नाही. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९७३ च्या करारान्वये (क्र. १३८) रोजगाराचे किमान वय सामान्यतः १५ वर्षे असून विकसनशील देशांना प्रारंभी ते १४ ठेवण्याची मुभा आहे. १९९९ च्या करारान्वये (क्र. १८२) १८ वर्षांखालील व्यक्तींना आरोग्य, सुरक्षितता वा नीतिमत्ता यांस अपाय करणाऱ्या कामावर लावणे हा बालश्रमाचा निकृष्टतम प्रकार मानला जातो. दुसऱ्या करारास २०२० मध्ये संघटनेच्या सर्व सदस्य-राष्ट्रांची मान्यता मिळाली. भारताने दोन्ही करारांना २०१७ मध्ये मान्यता दिली. चीनमध्ये रोजगाराचे किमान वय १६ आहे. तेथे १६ ते १८ वयोगटातील किशोर कामगारांना कामावर घेता येते, परंतु त्यांची नोंदणी व वैद्यकीय तपासणी करावी लागते आणि त्यांना धोक्याची कामे देता येत नाहीत. त्यामुळे तपासणीत बालमजूर व किशोर कामगार अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्या लागतात. पहिल्या गटातील व्यक्ती कारखान्यात असणेच नियमबाह्य, तर दुसऱ्या गटाच्या बाबतीत तिला दिलेले काम व कामाचे तास पाहावे लागतात.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटना व संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी (युनिसेफ) यांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सु. १३.८ कोटी बालके श्रम करीत होती व त्यांपैकी सु. ५.४ कोटी धोक्याच्या कामात होती. यांतील सु. ६१ टक्के बालके शेती व तत्संबंधित व्यवसायांत होती. इलेक्ट्रॉनिकी उद्योगाचा एकूण बालश्रमातील वाटा त्या मानाने लहान आहे. पण त्याची साखळी लांब, अनेक देशांतून जाणारी व बव्हंशी अदृश्य असल्यामुळे देखरेखीच्या पद्धतीचे गुणदोष तिच्यात विशेष स्पष्टपणे दिसून येतात.

ऐतिहासिक आढावा : विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कापड, पादत्राणे व क्रीडासाहित्य या उद्योगांतील बालश्रमाविषयी पाश्चात्त्य देशांत लोकमत जागृत झाले आणि कंपन्यांनी पुरवठादारांसाठी आचारसंहिता तयार करण्यास प्रारंभ केला. इलेक्ट्रॉनिकी उद्योगात काही अमेरिकन संगणक कंपन्या व त्यांच्यासाठी जुळणीचे काम करणारे कारखानदार यांनी एकत्र येऊन २००४ मध्ये समाईक आचारसंहिता तयार केली. तीतून उभ्या राहिलेल्या संघटनेचे २०१७ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल बिझनेस अलायन्स’ असे नामांतर झाले. या संहितेनुसार १५ वर्षे, सक्तीचे शिक्षण पूर्ण होण्याचे वय आणि त्या देशातील रोजगाराचे किमान वय यांपैकी जे अधिक असेल, त्याखालील व्यक्तीस कामावर घेता येत नाही. तसेच १८ वर्षांखालील कामगारांना धोक्याचे काम, रात्रपाळी व जादा काम देण्यास मनाई आहे. समाईक संहितेमागे व्यावहारिक कारणही होते. एकच कारखाना अनेक कंपन्यांसाठी माल तयार करतो. प्रत्येकीने आपली वेगळी संहिता व वेगळे तपासनीस पाठविल्यास खर्च वाढतो आणि निष्कर्ष परस्परविरोधी येतात.

संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये व्यवसाय व मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे संमत केली. स्वतःच्या कारखान्यापुरतेच नव्हे, तर व्यावसायिक संबंधांतून होणाऱ्या मानवी हक्कांच्या हानीबाबतही कंपनीने योग्य ती दक्षता घ्यावी, अशी अपेक्षा या तत्त्वांत व्यक्त करण्यात आली.

कारखान्यांतील तपासणी : देखरेखीचा प्रारंभ धोक्याच्या अंदाजापासून होतो. पुरवठादाराकडून प्रश्नावली भरून घेतली जाते आणि देश, कामाचे स्वरूप, कंत्राटी कामगारांचे प्रमाण व पूर्वीच्या नोंदी यांवरून कोणत्या कारखान्यांची प्रत्यक्ष तपासणी करावयाची, हे ठरविले जाते. तपासणी बहुधा त्रयस्थ संस्थेचे तपासनीस करतात. ते भरतीची कागदपत्रे, हजेरीपट व वेतनपत्रके पाहतात, कारखाना व कामगारांची वसतिगृहे यांत फेरी मारतात आणि काही कामगारांशी त्यांच्या वरिष्ठांच्या अनुपस्थितीत बोलतात. दोष आढळल्यास ते दूर करण्याची मुदत ठरवून दिली जाते व पुढे फेरतपासणी होते. बालमजूर आढळणे हा सर्वांत गंभीर वर्गातील दोष समजला जातो.

वयाची निश्चिती हा या तपासणीचा गाभा होय. चीनमध्ये राष्ट्रीय ओळखपत्रात इलेक्ट्रॉनिकी चकती बसविलेली असते. ते यंत्रावर वाचून ओळखपत्र खोटे नसल्याची खात्री करता येते. परंतु ओळखपत्र खरे असूनही ते आणणारी व्यक्ती दुसरीच असू शकते. थोरल्या भावंडाचे अगर नातेवाइकाचे ओळखपत्र घेऊन कामावर येणे हा नेहमीचा मार्ग आहे. म्हणून छायाचित्र व चेहरा यांची तुलना, शाळेचा दाखला, कुटुंब-नोंदणीपुस्तक आणि मुलाखतीत जन्मवर्ष, इयत्ता, गाव यांविषयी विचारलेले साधे प्रश्न यांचा आधार घ्यावा लागतो. भरती करतेवेळीच ही खातरजमा करून कागदपत्रांच्या प्रती जपून ठेवणे, हे कारखान्याचे कर्तव्य मानले जाते.

बालके कारखान्यात प्रवेश करतात ती मुख्यतः दोन मार्गांनी. नवीन वस्तू बाजारात येण्यापूर्वी काही आठवडे मागणी एकदम वाढते. तेवढ्या काळापुरते हजारो कामगार हवे असल्यामुळे कारखाने भरतीचे काम कंत्राटदार संस्थांकडे सोपवितात व या संस्थांना माणशी मोबदला मिळतो. शाळांची उन्हाळी सुटी व मागणीचा हंगाम बरेचदा एकाच वेळी येतात. दुसरा मार्ग म्हणजे व्यवसाय-शिक्षणाच्या शाळांतून प्रशिक्षणार्थी म्हणून पाठविलेले विद्यार्थी. त्यांचे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दाखविले जात असल्याने ते कामगारांच्या नोंदीत येतीलच असे नसते. २०१२ मध्ये फॉक्सकॉन या जुळणी करणाऱ्या कंपनीने चीनमधील यांताय येथील आपल्या कारखान्यात १४ ते १६ वर्षांचे प्रशिक्षणार्थी काम करीत असल्याचे मान्य केले.

प्रसिद्ध झालेल्या नोंदींपैकी ॲपल कंपनीचा २०१३ चा अहवाल बोधप्रद आहे. आदल्या वर्षी केलेल्या ३९३ तपासण्यांत ११ कारखान्यांमध्ये वयाने लहान अशा १०६ कामगारांची प्रकरणे आढळली आणि त्यांपैकी ७४ चीनमधील एकाच पुरवठादाराकडे होती. भरती करणाऱ्या संस्थेने बालकांच्या कुटुंबीयांशी संगनमत करून वयाचे खोटे दाखले तयार केल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. कंपनीने त्या पुरवठादाराशी व्यवहार थांबविला व संस्थेविषयी स्थानिक अधिकाऱ्यांना कळविले. या प्रकरणावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात : कारखान्याच्या दाराशी होणारी तपासणी भरतीच्या आधीच्या कडीपर्यंत गेल्याखेरीज पुरी पडत नाही, आणि फसवणुकीत कुटुंब सहभागी असेल, तर केवळ कागद पडताळून सत्य हाती लागत नाही.

तपासणीच्या मर्यादांचे उदाहरण २०१४ मध्ये दिसून आले. ‘चायना लेबर वॉच’ या संस्थेने दक्षिण चीनमधील डाँगग्वान येथील एका पुरवठादाराकडे बालमजूर असल्याचा आरोप केला, तेव्हा सॅमसंग कंपनीने त्याच्याशी व्यवहार तात्पुरता स्थगित केला. मार्च २०१३ पासून या पुरवठादाराची तीनदा तपासणी झाली होती, शेवटची तर जून २०१४ मध्ये, व एकाही तपासणीत बालमजूर आढळला नव्हता. तपासणी ही काही दिवसांची असते; हंगामी कामगार त्या दिवसांच्या आधी किंवा नंतर येऊ शकतात. तपासणीची तारीख आगाऊ ठाऊक असल्यास त्या दिवशी कोणास कामावर ठेवावे, हेही कारखान्यास ठरविता येते. या संस्थेने आपले कार्यकर्ते कामगार म्हणून कारखान्यात पाठवून माहिती मिळविली होती. जे कागदपत्रांत दिसत नाही, ते शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्यास दिसते. यासाठी पूर्वसूचनेविना तपासणी, कामगारांना गुप्तपणे तक्रार नोंदविता येईल अशी दूरध्वनी-सेवा आणि कामगार संघटनांचा सहभाग या उपायांवर भर दिला जातो. त्यांपैकी शेवटचा उपाय सर्वांत परिणामकारक, पण स्वतंत्र संघटनांना जेथे वाव नाही तेथे तो उपलब्ध नसतो.

पुनर्वसन : बालमजूर सापडल्यानंतर काय केले जाते, यावर देखरेखीची उपयुक्तता अवलंबून असते. या बाबतीत बांगला देशातील तयार कपड्यांच्या उद्योगाचा अनुभव निर्णायक ठरला. बालकांनी बनविलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये मांडले जाताच १९९३ च्या सुमारास तेथील कारखानदारांनी बालकांना घाईघाईने कामावरून काढले. त्यांची संख्या अंदाजे ५०,००० होती. पुढे झालेल्या पाहणीत त्यांच्यापैकी अनेक जण शाळेत न जाता दगड फोडणे, रस्त्यावर माल विकणे अशा अधिक धोक्याच्या व कमी मोबदल्याच्या कामांत, तर काही मुली वेश्याव्यवसायात गेल्याचे आढळले. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय मजूर संघटना व युनिसेफ यांच्यात करार होऊन काढून टाकलेल्या बालकांसाठी शाळा व विद्यावेतन यांची सोय करण्यात आली.

या अनुभवावरून इलेक्ट्रॉनिकी उद्योगातही बालकास केवळ काढून टाकणे हा दोष दूर करण्याचा मार्ग मानला जात नाही. प्रचलित पद्धतीप्रमाणे बालकास प्रथम कामापासून दूर व सुरक्षित ठेवून त्याच्या पालकांशी संपर्क साधण्यात येतो. ते कायदेशीर वयाचे होईपर्यंत त्याच्या शिक्षणाचा खर्च पुरवठादाराने सोसावयाचा असतो व बुडालेल्या मजुरीइतकी रक्कमही द्यावयाची असते. ॲपलने आपल्या पुरवठादारांवर हे बंधन घातले आहे. मजुरीची तरतूद महत्त्वाची आहे. कारण ती नसल्यास बालक शाळेत न जाता दुसऱ्या, तपासणी न होणाऱ्या कारखान्यात जाण्याचा संभव असतो. खर्च पुरवठादारावर टाकल्याने बालकांना कामावर घेणे त्यास महाग पडते, हा या पद्धतीचा गुण. तर याच कारणाने बालमजूर सापडल्यास ते लपविण्याकडे त्याचा कल होतो, हा तिचा दोष होय.

खनिजांचा उगम : जुळणीच्या कारखान्याच्या मागे सुट्या भागांचे कारखाने, त्यांच्या मागे रासायनिक द्रव्ये व धातू पुरविणारे, त्यांच्या मागे प्रगलन व शुद्धीकरण कारखाने, व्यापारी आणि शेवटी खाण, अशी साखळी असते. विक्रेत्या कंपनीचा करार बहुधा पहिल्या एकदोन कड्यांशीच होतो. खाणी हजारो असतात व वस्तू बनविणारे कारखानेही हजारो. त्यांच्या मधल्या प्रगलन व शुद्धीकरण कारखान्यांची संख्या मात्र मर्यादित असते. सर्व खनिज या अरुंद मार्गातून जात असल्याने तेथेच नाकेबंदी करावी, हे खनिज-देखरेखीचे मूलसूत्र होय. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) २०११ मध्ये याविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. कंपनीअंतर्गत व्यवस्था, धोक्याची निश्चिती, त्यावरील उपाय, प्रगलन कारखान्यांची स्वतंत्र तपासणी व जाहीर अहवाल असे पाच टप्पे तिच्यात सांगितले असून निकृष्टतम बालश्रमाचा समावेश गंभीर गैरप्रकारांत केलेला आहे. त्यापूर्वी २०१० मध्ये अमेरिकेने केलेला कायदा कथिल, टँटॅलम, टंगस्टन व सोने यांपुरता होता; त्याचा रोख सशस्त्र टोळ्यांना मिळणाऱ्या पैशावर होता व कोबाल्ट त्याच्या कक्षेत नव्हते.

कोबाल्ट : मोबाइल फोन व संगणक यांच्या लिथियम घटमालांमध्ये कोबाल्टाची संयुगे वापरतात. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या दक्षिणेकडील तांबे-कोबाल्ट पट्ट्यातून येते. यंत्रसज्ज मोठ्या खाणींबरोबरच कोल्वेझी शहराच्या परिसरात हाताने खोदकाम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. युनिसेफच्या २०१४ मधील अंदाजाप्रमाणे दक्षिण काँगोमधील सर्व प्रकारच्या खाणींत मिळून सु. ४०,००० मुले-मुली काम करीत होती व त्यांपैकी पुष्कळ कोबाल्टाच्या खाणींत होती. जानेवारी २०१६ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल व ॲफ्रिवॉच या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालात, टाकाऊ ढिगाऱ्यातून खनिज वेचणे, ते ओढ्यात धुणे व पोत्यांतून वाहून नेणे या कामांसाठी दिवसाकाठी १२ तासांपर्यंत राबून एक ते दोन डॉलर मिळविणाऱ्या बालकांची माहिती देण्यात आली. हे खनिज स्थानिक अडत्यांकडे विकले जाई, तेथे निरनिराळ्या खाणींचा माल एकत्र होई आणि पुढे तो चीनमधील शुद्धीकरण कारखान्यांकडे जाई. एकदा मिसळल्यावर कोणते पोते कोणी भरले, हे कोणत्याही तपासणीने सांगता येत नाही.

या अहवालानंतर चीनमधील धातू-व्यापार मंडळाने ओईसीडीच्या सहकार्याने कोबाल्टासाठी उपक्रम सुरू केला, शुद्धीकरण कारखान्यांची तपासणी वाढली व काही कंपन्यांनी त्यांची नावे जाहीर केली. ॲपलने २०१७ मध्ये काँगोतील हाताने खोदलेल्या कोबाल्टाची खरेदी तूर्त थांबविली. परंतु अशी खरेदी बंद केल्याने कंपनीची साखळी स्वच्छ होते, खोदणाऱ्या कुटुंबाची स्थिती सुधारत नाही. त्याचा माल कमी भावाने व कमी प्रश्न विचारणाऱ्याकडे जातो. याउलट मार्ग म्हणजे हातखोदाईच्या खाणीतच सुधारणा करणे. २०१८ ते २०२० या काळात कोल्वेझीजवळील मुतोशी येथे कुंपण घालून, प्रवेशद्वारी वय पाहून व यंत्राने वरचा थर काढून देऊन असा प्रयोग करण्यात आला. कोविड-१९ च्या साथीत तो बंद पडला. बालकांना खाणीत लोटण्यास शालेय शुल्क हेही एक कारण होते. काँगोच्या शासनाने २०१९ मध्ये प्राथमिक शिक्षण निःशुल्क करण्याचा निर्णय घेतला. कोणत्याही खरेदीदाराच्या आचारसंहितेपेक्षा अशा निर्णयाचे क्षेत्र व्यापक असते.

अभ्रक : विद्युत् निरोधक व उष्णतारोधक म्हणून इलेक्ट्रॉनिकी साहित्यात वापरल्या जाणाऱ्या अभ्रकाचे भारत हे जुने उत्पादन-क्षेत्र आहे. झारखंडमधील कोडरमा व गिरिडीह आणि बिहारमधील नवादा या जिल्ह्यांत अभ्रकाचा पट्टा पसरलेला आहे. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर अनेक खाणींचे परवाने संपुष्टात आले व त्या सोडून देण्यात आल्या. सोडलेल्या खाणींतून व टाकाऊ ढिगाऱ्यांतून ‘ढिबरा’ नावाने ओळखला जाणारा अभ्रकाचा चुरा कुटुंबेच्या कुटुंबे वेचू लागली व त्यांबरोबर मुलेही. येथे देखरेखीपुढील अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. जे उत्खनन कागदोपत्री अस्तित्वातच नाही, तेथे मालक नाही, हजेरीपट नाही व त्यामुळे कामगार कायद्याचे निरीक्षणही नाही. २०१७ मध्ये पॅरिस येथे अभ्रक वापरणाऱ्या कंपन्यांनी एक संयुक्त संस्था स्थापन केली. माल कोणाकडून कोणाकडे गेला याच्या नोंदी ठेवणे, गावांतून शाळा व उपजीविकेची साधने यांना साहाय्य देणे आणि वेचणीस कायदेशीर मान्यता मिळविण्यासाठी प्रयत्न करणे, असे तिचे कार्य आहे.

कायदेशीर उत्तरदायित्व : देखरेख ही दीर्घकाळ कंपन्यांच्या इच्छेवर अवलंबून होती. काँगोतील खाणींत जखमी झालेली बालके व मृत बालकांचे नातेवाईक यांच्या वतीने २०१९ मध्ये वॉशिंग्टन येथे ॲपल, अल्फाबेट, डेल, मायक्रोसॉफ्ट व टेस्ला यांच्याविरुद्ध दावा लावण्यात आला. २०२१ मध्ये तो फेटाळला गेला व २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तो निर्णय कायम केला. जागतिक साखळीतून कोबाल्ट खरेदी करणे म्हणजे खाणीवरील गैरकृत्याच्या उपक्रमात सहभागी होणे नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले. यूरोपात याउलट विधिनियमाकडे कल दिसतो. पुरवठा-साखळीतील दक्षतेविषयी जर्मनीने २०२१ मध्ये केलेला कायदा २०२३ पासून अंमलात आला. यूरोपीय संघाने घटमालांविषयी २०२३ मध्ये केलेल्या नियमांत कोबाल्टाच्या उगमाबाबत दक्षता बंधनकारक ठरविली व २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांसाठी सर्वसाधारण निदेश काढला. २०२५ मध्ये या दोहोंच्या अंमलबजावणीच्या मुदती पुढे ढकलण्यात आल्या.

मूल्यमापन : वीस वर्षांच्या अनुभवावरून असे म्हणता येईल, की मोठ्या जुळणी कारखान्यांत, जेथे खरेदीदाराचा करार प्रत्यक्ष आहे व ओळखपत्रांची व्यवस्था चांगली आहे, तेथे ही देखरेख उपयोगी पडली आहे. छोटे उपकंत्राटदार, हंगामी भरती आणि परवान्याविना चालणाऱ्या खाणी येथे तिची पकड सैल राहिली. काही दोष पद्धतीतच आहेत. कंपन्यांचे खरेदी-विभाग भाव कमी करण्याचा व मुदत आवळण्याचा आग्रह धरतात, तर त्यांचेच तपासणी-विभाग त्या दडपणाचे परिणाम शोधतात. पुष्कळदा तपासणीचे शुल्कही ज्याची तपासणी व्हावयाची, तोच भरतो.

आकड्यांचा अर्थ लावतानाही सावधगिरी आवश्यक असते. एखाद्या अहवालात बालमजुरांची संख्या शून्य दिसल्यास बालश्रम नाही असे, किंवा नीट पाहिले गेले नाही असे, दोन्ही अर्थ होऊ शकतात. ज्या कंपनीने अधिक प्रकरणे जाहीर केली, तिची साखळी अधिक दूषित असेलच असे नाही. तिचा शोध अधिक खोल असेल. म्हणून किती तपासण्या झाल्या यापेक्षा सापडलेल्या बालकांपैकी किती शाळेत गेली, एक वर्षानंतर किती तेथे टिकली व त्यांच्या घरातील प्रौढांस पुरेशी मजुरी मिळू लागली काय, या प्रश्नांची उत्तरे अधिक मोलाची ठरतात. ही उत्तरे अहवालांतून क्वचितच मिळतात.